आईबाबांचा विमा आहे, बाळाचा नाही: नाव कुठे आणि कधी चढवायचं?

बारसं व्हायचंय म्हणून बाळाचं नाव ठरलेलं नाही. नाव ठरलेलं नाही म्हणून जन्मदाखला काढलेला नाही. दाखला नाही म्हणून ऑफिसच्या पोर्टलवर बाळाची नोंद नाही. मग पाचव्या आठवड्यात बाळ छातीतल्या कफाने दवाखान्यात दाखल होतं आणि टीपीएच्या (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर कळतं की विम्यात आई आहे, बाबा आहेत, आजी-आजोबाही आहेत, फक्त ज्याला सलाईन लागलंय तोच नाही. विमा काढलेल्या घरातलं मूल विम्याबाहेर राहतं ते बहुतेक वेळा असं. पैशांची अडचण नसते, आईबाप बेफिकीरही नसतात. प्रत्येक विम्याला मूल आत घ्यायचं स्वतःचं एक दार असतं आणि ते ठरावीक दिवसच उघडं असतं, एवढंच.

म्हणून मुलासाठी विमा निवडताना हप्ता आणि विमा रक्कम पाहण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. मूल कुठल्या दिवसापासून आत येतं? कुठल्या दिवशी बाहेर पडतं? आणि मधल्या काळात कशामुळे गळतं? महाराष्ट्रातल्या पगारदार किंवा लहान धंदेवाल्या कुटुंबापुढे साधारण चार मार्ग असतात. आधी ते शेजारी शेजारी मांडू.

| मार्ग | मूल कधीपासून | कधीपर्यंत | रक्कम | मूल कशाने गळतं |
|---|---|---|---|---|
| ऑफिसची ग्रुप पॉलिसी | बहुधा पहिल्या दिवसापासून | नोकरी असेतोवर, वय साधारण २५ | कंपनी ठरवेल ती, घरात मिळून एकच | नोंदणीची मुदत चुकली, नोकरी सुटली |
| स्वतःची फॅमिली फ्लोटर | बहुधा ९१व्या दिवसापासून | साधारण २५ वर्षं | तुम्ही घ्याल ती, घरात मिळून एकच | नाव वाढवायचं राहून गेलं, आजार आधीचा निघाला |
| राज्य कामगार विमा (ई.एस.आय.) | जन्मापासून | १८, शिकत असल्यास २१, अविवाहित मुलीला वयाची अट नाही | उपचाराच्या खर्चाला कमाल मर्यादा नाही | पगार २१,००० च्या वर गेला |
| महात्मा फुले–आयुष्मान योजना | जन्मापासून | वयाची अट नाही | कुटुंबाला वर्षाला ५ लाख | रेशनकार्डात नाव नाही, उपचार यादीत नाही |

तक्त्यात ‘बहुधा’ हा शब्द पुन्हा पुन्हा आलाय, त्याला इलाज नाही. ग्रुप पॉलिसी प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने शिवून घेतलेली असते. शेजारच्या टेबलावरच्या मित्राच्या पॉलिसीत असलेली सवलत तुमच्यात असेलच असं नाही.

पहिले नव्वद दिवस

चार मार्गांतला सगळ्यात मोठा फरक इथे आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फॅमिली फ्लोटर पॉलिसी मुलाला तीन महिन्यांचं झाल्यावरच घेतात. सगळ्या विमा कंपन्यांकडे एकाच मसुद्यात मिळणाऱ्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीतही अवलंबून असलेल्या मुलाचं वय ३ महिने ते २५ वर्षं असंच लिहिलेलं आहे. पण अपुऱ्या दिवसांचं बाळ, कावीळ, जंतुसंसर्ग, श्वासाचा त्रास हे सगळं नेमकं पहिल्या काही आठवड्यांत येतं. बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर फ्लोटर कितीही लाखांची असो, त्यात बाळाचं नावच नसतं.

याला अपवाद एकच: फ्लोटरमध्ये प्रसूतीचं संरक्षण असेल तर. अशा पॉलिसींत नवजात बाळ पहिल्या दिवसापासून, निदान नव्वद दिवस, धरलं जातं. मात्र प्रसूतीच्या संरक्षणाला स्वतःचा वेटिंग पिरिअड, म्हणजे दावा करण्याआधी थांबायचा काळ, असतो. काही पॉलिसींत तो नऊ महिने असतो, बऱ्याच ठिकाणी दोन ते चार वर्षं. लग्नानंतर लगेच अशी पॉलिसी घेतली तर तिचा उपयोग होतो. दिवस गेल्यावर घेतली तर नाही. एजंटने पत्रकावर ‘न्यूबॉर्न कव्हर’ हे दोन शब्द दाखवले, तर त्याच पानावर प्रसूतीचा वेटिंग पिरिअड कुठे छापलाय ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

ऑफिसची पॉलिसी इथे सरळ पुढे जाते. बहुतेक ग्रुप पॉलिसींत प्रसूतीचा वेटिंग पिरिअड माफ असतो आणि बाळ पहिल्या दिवसापासून घेतलं जातं. तरी एक मेख राहते. बाळाचा खर्च कुठल्या खात्यातून जाणार? काही पॉलिसींत तो प्रसूतीच्या मर्यादेतच धरतात. समजा ही मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि सिझेरियनचंच बिल ८०,००० झालं. मग बाळाच्या एन.आय.सी.यू.साठी (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागासाठी) शिल्लक शून्य. दुसऱ्या प्रकारच्या पॉलिसीत आजारी बाळाचा खर्च कुटुंबाच्या पूर्ण विमा रकमेतून, म्हणजे समजा ३ लाखांतून जातो. दोन्ही पॉलिसींच्या माहितीपत्रकावर ‘बेबी डे वन’ हेच लिहिलेलं असतं. म्हणून एच.आर.ला ईमेलवर नेमका प्रश्न लिहा: “जन्मल्यानंतर पहिल्या ९० दिवसांत बाळाला आजारपणामुळे दाखल करावं लागलं तर खर्च प्रसूतीच्या मर्यादेतून जातो की कुटुंबाच्या विमा रकमेतून?” उत्तरही लेखीच घ्या. सातव्या महिन्यात विचारलेलं बरं, म्हणजे फ्लोटर किंवा दवाखाना बदलायचा विचार करायला वेळ राहतो.

आता त्या मुदतीकडे. बहुतेक ठिकाणी बाळ जन्मल्यापासून ३० दिवसांत कळवावं लागतं. ती मुदत टळली की पुढची संधी वर्षाच्या नूतनीकरणाला. (अमेरिकेतल्या मराठी घरांनाही हा ३० दिवसांचा काटा चुकत नाही. तिथे नोकरीतल्या विम्यात नवजात बाळाला आणायला निदान ३० दिवसांची मुदत असते आणि वेळेत कळवलं तर संरक्षण जन्मदिवसापासून मोजतात. बाळ जन्माने अमेरिकन झालं तरी बाबांच्या विम्यात आपोआप जात नाही.) या तीस दिवसांत आपल्याकडे काय काय आडवं येतं ते जवळून पाहू.

पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. बाबा पुण्यात, बाळ-बाळंतीण सांगोल्याला. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, म्हणजे सांगोल्याला. पुण्याच्या महापालिकेत खेटे घालून उपयोग नाही. नोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते, पुढे विलंबशुल्क लागतं आणि ३० दिवसांनंतर परवानगीचं लचांड सुरू होतं. दवाखान्यात जन्म झाला असेल तर कळवायचं काम दवाखान्याचं. दाखला घ्यायला मात्र आपल्यालाच जावं लागतं.

बऱ्याच जणांना ठाऊक नसतं ते हे की बाळाच्या नावाशिवायही जन्माची नोंद होते आणि दाखला मिळतो. नाव नंतर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतरही शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. बारशाची वाट पाहायचं कारण नाही. पोर्टलवरही ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव असं घालून नोंद करता येते. दाखला हातात आला नसेल तर दवाखान्याचं जन्मप्रमाणपत्र किंवा डिस्चार्ज कार्ड जोडून आधी ईमेल करून ठेवा. पोर्टलने फॉर्म नाकारला तरी मुदतीत कळवल्याचा पुरावा त्या ईमेलमध्ये राहतो.

आणखी एक बारीक खोडा आईच्या नावाचा. माहेरच्या दवाखान्यात केसपेपर माहेरच्या नावाने काढलेला, आधार जुन्याच नावाचं, ऑफिसच्या पॉलिसीत सासरचं नाव. बाळाचं बिल ‘बेबी ऑफ’ माहेरच्या नावाने येतं आणि टीपीए विचारतो, ही आई कोण? अशाने दावा कायमचा नाकारत नाहीत, पण कॅशलेस अडतं, पैसे खिशातून भरावे लागतात आणि मग प्रतिज्ञापत्राचं झेंगट मागे लागतं. प्रसूतीसाठी नाव घालतानाच पॉलिसीत जसं आहे तसंच नाव केसपेपरवर लिहायला लावा. तेवढी एक ओळ सांभाळली की पुढचा महिनाभर वाचतो.

ऑफिसची पॉलिसी नाही आणि फ्लोटर ९१व्या दिवशी सुरू होणार, अशा घराने या तीन महिन्यांसाठी सरकारी रुग्णालय डोक्यात ठेवावं. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी सरकारी रुग्णालयात मोफत आहे. ही सोय आधी ३० दिवसांपर्यंत होती, नंतर एक वर्षापर्यंत वाढवली. जिल्हा रुग्णालयांत नवजात अर्भकांसाठी वेगळे अतिदक्षता कक्ष असतात. हा विमा नव्हे आणि खासगी खोलीचा आरामही नाही. पण आठवडाभराच्या काचेच्या पेटीचं खासगी बिल पाहिलेला माणूस हा पर्याय नाक मुरडून बाजूला सारत नाही.

ऑफिसची पॉलिसी पुरे की स्वतःची फ्लोटरही घ्यावी?

बहुतेक नोकरदार आईबाबांचा खरा प्रश्न हाच असतो. ऑफिसची पॉलिसी फुकट किंवा जवळपास फुकट, सगळे आजार पहिल्या दिवसापासून आत, वैद्यकीय तपासणी नाही. मुलासाठी याहून चांगलं काय? खरंच, नोकरी चालू आहे तोवर याहून चांगलं काही नाही. शेवटच्या कामाच्या दिवशी मात्र सगळं कुटुंब एकदम बाहेर पडतं. नव्या नोकरीत कुटुंबाची माहिती भरायची मुदत पुन्हा नव्याने सुरू होते आणि तिथे बायकोचं नाव भरून मुलाचं राहून जाणं सर्रास घडतं, कारण मुलाचं आधार हाताशी नसतं. (पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं बाल आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं. ते बाळ दोन-तीन महिन्यांचं असतानाच काढून ठेवावं.)

नोकरी सुटण्याच्या वेळी मुलाला दमा, फिट्स किंवा बालमधुमेह निघालेला असेल तर गोष्ट अवघड होते. त्या टप्प्यावर नवी फ्लोटर मागितली तर कंपनी आधीच्या आजाराला जास्तीत जास्त ३ वर्षांचा वेटिंग पिरिअड लावू शकते, किंवा मुलाला घ्यायलाच नकार देऊ शकते. २०२४ पर्यंत ही मर्यादा ४ वर्षांची होती, आता ३ झाली, तरी लहान मुलाच्या आयुष्यात तीन वर्षं म्हणजे बालवाडी ते दुसरी. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे आणि आधी पुरा झालेला काळ त्यात मोजला जातो. पण ती विचारणा नोकरी सोडायच्या आधी करावी लागते, नंतर नाही.

फ्लोटरचं गणित मुलाच्या बाजूने अगदी सोपं आहे. हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणून मूल वाढवल्याने पडणारी भर सहसा कमी असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला, तेवढा भारही उतरला. जुनी करपद्धत निवडली असेल तर स्वतः, जोडीदार आणि मुलांच्या हप्त्यावर कलम ८०डीखाली २५,००० पर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही.

फ्लोटरमध्ये लोक चुकतात ते वेगळ्याच ठिकाणी. पॉलिसी चालू असताना बाळ ९१ दिवसांचं झालं की काही कंपन्या मध्येच नाव घेतात आणि उरलेल्या महिन्यांचा हप्ता घेऊन एंडोर्समेंट, म्हणजे बदल नोंदवल्याचा कागद, देतात. काही म्हणतात, नूतनीकरणाला या. पॉलिसी मार्चमध्ये सुरू झाली आणि बाळ एप्रिलमध्ये झालं तर दुसऱ्या प्रकारात जवळजवळ वर्ष कोरडं जातं. आणि मूल ज्या दिवशी आत येतं त्याच दिवसापासून त्याचे वेटिंग पिरिअड मोजले जातात. आईबाबांची पॉलिसी दहा वर्षं जुनी असली तरी त्या दहा वर्षांचा मुलाला काही उपयोग नाही. म्हणूनच “सध्या ऑफिसचं आहे, मग बघू” हा विचार महागात पडतो. मूल निरोगी असताना नाव घातलं की हे काळ नकळत सरून जातात.

एक ठिकाण हमखास नजरेतून सुटतं, ते म्हणजे सुपर टॉप-अप, ठरावीक रकमेच्या वरचा खर्च उचलणारी जोडपॉलिसी. लग्नानंतर दोघांनी घेतलेली २० लाखांची सुपर टॉप-अप पुढे आपोआप नूतनीकृत होत राहते, खात्यातून पैसे कटतात आणि मुलाचं नाव मूळ पॉलिसीत घातलं तरी टॉप-अपमध्ये घालायचं कोणाला सुचत नाही. त्या दोन पॉलिसी वेगळ्या आहेत. दोन्हीकडे अर्ज वेगळा.

हप्ता वाचवायला ‘आरोग्य संजीवनी’सारखी साधी पॉलिसी घ्यायची असेल तर खोलीची मर्यादा समजून घ्या. तिथे खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला ५,००० च्या वर नाही, आणि प्रत्येक दाव्यात ५ टक्के आपल्या खिशातून. समजा विमा रक्कम ३ लाख. डेंग्यूने मूल तीन दिवस दाखल झालं आणि आईला सोबत राहता यावं म्हणून ७,५०० ची खोली घेतली. बिल ६०,००० आलं: खोली २२,५००, डॉक्टर-नर्सिंग वगैरे २४,०००, औषधं आणि तपासण्या १३,५००. खोलीची पात्रता ५,००० म्हणजे घेतलेल्या खोलीच्या दोन तृतीयांश. डॉक्टर-नर्सिंगचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात, म्हणून खोलीचे १५,००० आणि डॉक्टर-नर्सिंगचे १६,००० मिळणार. औषधं-तपासण्यांना ही कात्री लागत नाही, ते १३,५०० पूर्ण. बेरीज ४४,५००. त्यातून ५ टक्के, म्हणजे २,२२५ वजा. हातात ४२,२७५, खिशातून १७,७२५. खोलीच्या भाड्यातला जादा फरक फक्त ७,५०० होता, पण त्याने डॉक्टरांच्या फीमधूनही ८,००० नेले. मूल दाखल झालं की आईबाबा वेगळी खोली मागतातच. त्यामुळे मुलासाठी पॉलिसी निवडताना खोलीभाड्याची अट विमा रकमेपेक्षा आधी पाहावी, असं आमचं मत.

आईबाबा दोघेही नोकरीत असतील तर दोन्ही ऑफिसांत मूल घालावं का? हो. परतावा दोनदा मिळत नाही, पण एकीकडची रक्कम संपली की उरलेलं बिल दुसरीकडे मागता येतं. दोघांच्या नोकऱ्यांमध्ये “तिच्याकडे घातलं असेल”, “त्याच्याकडे असेल” या समजात मूल दोन्हीकडून सुटलेलं असतं, हा प्रकार तर फारच ओळखीचा. बहुतेक ग्रुप पॉलिसी दोनच मुलं घेतात, हेही लक्षात असू द्या. दुसऱ्या खेपेला जुळं झालं तर तिसऱ्या बाळाचं काय, हे पॉलिसीत लिहिलेलं असतंच असं नाही. अशा वेळी तिसरं नाव लगेच फ्लोटरकडे वळवायचं. दत्तक मुलाला दत्तकाच्या आदेशाच्या तारखेपासून मुदत मोजतात, त्याच्या जन्मतारखेपासून नव्हे.

आमचा कल सांगायचा तर: पहिले नव्वद दिवस ऑफिसच्या भरवशावर काढावेत आणि ९१व्या दिवशी, ऑफिसचं असलं तरी, फ्लोटरचा अर्ज टाकावा. पैसे कमी असतील तर मोठ्या रकमेची एक फ्लोटर घेण्यापेक्षा ५ लाखांची, खोलीभाड्याची कात्री नसलेली फ्लोटर आणि वर सुपर टॉप-अप हे जोडगोळीचं गणित बरं बसतं.

पगार २१,००० पर्यंत असेल तर

चाकण, तळोजे किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात काम करणाऱ्याला निवड फारशी नसते, ई.एस.आय. लागू असतेच. पण आहे त्यात ती मुलासाठी चांगली आहे. २०,००० पगारावर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे महिना १५० रुपये कटतात, मालक ३.२५ टक्के म्हणजे ६५० भरतो. बदल्यात बायको-मुलांनाही दवाखाना, औषधं, दाखल होणं, सगळं मिळतं. बाह्यरुग्ण तपासणीसुद्धा, जी खासगी पॉलिसीत सहसा नसते. लहान मुलाच्या सर्दी-तापाच्या फेऱ्या मोजल्या तर हा मोठा फायदा आहे.

इथलं मूल बाहेर राहतं ते कुटुंबाची माहिती भरली नाही म्हणून. नोकरीला लागला तेव्हा कामगार अविवाहित होता, ई-पहचान कार्डावर फक्त आई-वडिलांची नावं. लग्न झालं, मूल झालं, कार्ड तेच. मालकाच्या पोर्टलवरून किंवा शाखा कार्यालयात जाऊन मुलाचं नाव आणि फोटो वाढवून घ्यावा लागतो. कुटुंब गावी असेल तर त्यांच्यासाठी जवळचा वेगळा दवाखाना नोंदवता येतो, तेही त्याच वेळी सांगा.

दुसरी खाच सुपर स्पेशालिटी उपचारांत. हृदय, मेंदू, कॅन्सर अशा मोठ्या उपचारांसाठी कामगार स्वतः सहा महिन्यांच्या नोकरीवर आणि ७८ दिवसांच्या वर्गणीवर पात्र होतो. त्याच्या मुलाला मात्र त्याची एक वर्षाची नोकरी आणि १५६ दिवसांची वर्गणी लागते. बापाला मिळतं आणि मुलाला मिळत नाही, असे मधले सहा महिने इथे नियमातच आहेत. नोकरी नवी असेल आणि मुलाच्या हृदयाला छिद्र असेल तर त्या काळात पुढे दिलेल्या रेशनकार्डावरच्या योजनेकडे वळायचं.

तिसरी गोष्ट पगारवाढ. जूनमध्ये पगार २२,५०० झाला तरी ३० सप्टेंबरपर्यंत वर्गणी कटत राहते. १ ऑक्टोबरपासून कटणं बंद होतं आणि घरात सगळे समजतात, संपलं. संपत नाही. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर त्याचा लाभकाळ पुढच्या जानेवारी ते जून असतो, आणि तोवर कामगार व कुटुंबाला उपचार मिळतात. या आठ-नऊ महिन्यांत फ्लोटर काढून तिचा सुरुवातीचा ३० दिवसांचा वेटिंग पिरिअड पार करून घ्यायचा. हे न करता ३० जूननंतर जागं होणारी घरं बरीच.

रेशनकार्डावरची योजना

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली, २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी योजना १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे आणि रक्कम दीड लाखावरून ५ लाख झाली. म्हणजे खासगी विमा असलेल्या घरालाही ती दुसरी फळी म्हणून आहेच. हप्ता नाही, वेटिंग पिरिअड नाही, आधीच्या आजाराची आडकाठी नाही. मर्यादा दोन: रुग्णालय अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेलं, हवं आणि उपचार योजनेच्या यादीत हवा. साध्या तापासाठी आवडीच्या खासगी दवाखान्यात जाता येणार नाही.

मूल बाहेर राहण्याचं कारण पुन्हा तेच, रेशनकार्डात नाव चढवलेलं नाही. धान्य घेत नसलेली पांढऱ्या कार्डाची घरं तर कार्ड कपाटात टाकून विसरलेली असतात. त्यावर आजोबांचं नाव आहे, नातवाचं नाही. केंद्राच्या आयुष्मान योजनेची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात जनगणनेवर बेतलेली, त्यामुळे त्यानंतर जन्मलेलं मूल त्यात मुळात असूच शकत नाही, ते नंतर जोडावं लागतं. जन्मदाखला घेऊन तहसील किंवा शिधावाटप कार्यालयात नाव चढवा आणि मग आयुष्मान कार्ड काढा. ऐनवेळी नाव नसलं तर घाबरून बिल भरायला निघू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) आईवडिलांचं रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा मुलाचा फोटो दाखवा, त्यावर मुलाचा विचार होतो. अडवलं तर १५५३८८ वर फोन करा.

गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत नाव घालण्याला आणखी वजन आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाख. दुसरं मूल कार्डावर चढवलं की सगळ्या घराची रक्कम दीड लाखाने वाढते.

ज्याला कोणी घेत नाही असं मूल

टाळू फाटलेली, पाय वाकडे, अशा बाहेरून दिसणाऱ्या जन्मजात दोषांना बहुतेक खासगी पॉलिसी वगळतात. हृदयातल्या छिद्रासारखे आतले दोष काही ठिकाणी वेटिंग पिरिअडनंतर घेतात. अशा मुलासाठी पॉलिसी शोधत बसण्याआधी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे जावं. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणी होते आणि जन्मजात दोषांच्या शस्त्रक्रिया मोफत करून देतात. खासगी शाळेतल्या मुलाच्या वर्गात हे पथक येत नाही, म्हणून पालकांनी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात स्वतः जावं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ योजना आहे. १ लाखाचं संरक्षण, वैद्यकीय तपासणीशिवाय प्रवेश, आणि ज्याचा खर्च खरा जाचतो ती थेरपीही त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत येते. त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो.

मोठी झालेली मुलं

ई.एस.आय.मध्ये मुलगा १८ चा झाला की कॉलेजचं बोनाफाईड देत राहावं लागतं, नाहीतर नाव खाली उतरतं. २१ नंतर बोनाफाईडही चालत नाही. फ्लोटरमध्ये २५ ची रेषा असते, पण ‘आरोग्य संजीवनी’त १८ च्या पुढचं मूल स्वतः कमवायला लागलं की पुढच्या नूतनीकरणाला ते अपात्र ठरतं, वय २२ असलं तरी. पहिल्या नोकरीत ग्रुप पॉलिसी नसलेली, इंटर्नशिप करणारी, स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात राहणारी पोरं याच फटीत पडतात. त्याच कंपनीत मुलाच्या नावाने स्वतंत्र पॉलिसी मागितली तर लहानपणापासूनचे पुरे झालेले वेटिंग पिरिअड सोबत येतात. त्यासाठी नूतनीकरणाच्या निदान ३० दिवस आधी अर्ज हवा, कंपनी बदलायची असेल तर ४५ दिवस आधी. नूतनीकरणाची तारीख उलटून गेल्यावर अर्ज केला तर २५ वर्षांचा तो मुलगा विमा कंपनीच्या लेखी कालच जन्मलेला असतो.